पत्र लिहिण्याचा हक्क : सातारची गादी आणि आखातातली अमिराती



पत्रिकेवरचा विषय वाचून साताऱ्या-सांगलीहून आलेल्या काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. संयुक्त अरब अमिरातीचे परराष्ट्रसंबंध आणि तिची जगातली पत! उसाची एफआरपी, टेंभू-म्हैसाळचे पाणी, बेदाण्याचा भाव असे घरचे विषय रांगेत उभे असताना शेखांच्या दरबारात कशाला डोकवायचे?

उत्तर दोन तारखांत आहे. २५ सप्टेंबर १८१९ रोजी छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला आणि सातारची गादी पुन्हा उभी राहिली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, ८ जानेवारी १८२० रोजी, इराणच्या आखातातल्या रास अल खैमा बंदरात कंपनीने तिथल्या अरब शेखांकडून दुसरा तह लिहून घ्यायला सुरुवात केली. पहिल्या तहाची सूत्रे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाती होती. दुसरा झाला तेव्हा तोच एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होऊन बसला होता. साताऱ्यात रेसिडेंट होता कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ. मुंबईहून आखातात फौज घेऊन गेलेल्या सेनानीचे नाव विल्यम ग्रँट केर. राजवट एक, आणि योगायोगाने दोन्हीकडे एकेक ग्रँट!

पुढे काय झाले? साताऱ्याचे राज्य २९ वर्षांत खालसा झाले. त्या किनाऱ्यावरच्या शेखांची राज्ये मात्र टिकली, एकत्र आली, आणि आज अमेरिकेपासून चीनपर्यंत सगळ्यांचे वकील त्यांच्या दारात बसलेले असतात. हे कसे घडले? ‘तेल’ असे कोणीही सांगेल. ते खरे आहे, पण अर्धेच. अबूधाबीत तेल सापडले १९५८ साली. त्याआधीची १३८ वर्षे ती राज्ये कशावर तगली? आणि तेल तर इराक आणि लिबियातही होते. इराकचा राजा १९५८ मध्ये गेला, लिबियाचा १९६९ मध्ये. तेव्हा तेलाखाली दडलेली गोष्ट शोधायला हवी.

पहिला मुद्दा पत्रव्यवहाराचा.

१८१९ च्या तहात एक कलम होते. परराज्यांशीच काय, राज्याबाहेरच्या सरदार-जहागीरदारांशीही महाराजांनी रेसिडेंटला वगळून कसलाही संबंध ठेवायचा नाही. राज्य तुमचे, महसूल तुमचा, पण टपाल आमच्या हातून. प्रतापसिंह महाराजांनी कारभार उत्तम केला. शाळा, रस्ते, शहराला पाणी. इतका उत्तम, की १८३५ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने त्यांच्यासाठी प्रशंसेचे पत्र आणि मानाची तलवार मंजूर केली. मुंबई सरकारने ती तलवार त्यांच्या हाती पडू दिली नाही.

आणि चारच वर्षांनी, सप्टेंबर १८३९ मध्ये, त्यांना पदच्युत केले. आरोपांतला एक मोठा आरोप कोणता? गोव्याच्या पोर्तुगीजांशी गुप्त पत्रव्यवहार. गव्हर्नर कार्नॅकने तोडगा काढला होता: दोष मान्य करून सही करा, गादी राहील. महाराजांनी सही केली नाही. रवानगी काशीला झाली आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तिथे झगडले. अर्ज झाले, पुस्तिका छापल्या, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत महाराजांच्या बाजूने भाषणे झाली. लंडनमध्ये साताऱ्याचे नाव चांगले होते. पण लंडनला साताऱ्याच्या राजाची गरज उरली नव्हती. १८४८ मध्ये महाराजांचे बंधू शहाजीराजे वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले. सांगलीच्या पटवर्धनांनी कंपनीशी वेगळे जमवून घेतले होते. त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत चालले.

आता आखाताकडे बघा. १८२० च्या तहाने शेखांच्या गलबतांवर कोणते निशाण असावे इथपासून ठरवले. १८५३ मध्ये सागरी तह कायमचा झाला. १८९२ मध्ये तर आपल्या तहातले कलमच जणू तिकडे गेले: इंग्रजांखेरीज कोणाशी करार नाही, पत्रव्यवहार नाही, परक्या सरकारचा वकील दारात ठेवायचा नाही, जमीन कोणाला द्यायची नाही. १९२२ मध्ये तेलाबद्दलही तसेच लिहून घेतले, आणि तेव्हा तिथे तेलाचा थेंबही सापडलेला नव्हता!

बेड्या सारख्याच. फरक कुठे पडला? साताऱ्याला कृष्णा-कोयनेची काळी जमीन होती आणि त्या जमिनीचा महसूल डलहौसीला दिसत होता. त्या किनाऱ्यावर मोती, मासळी आणि खजूर. खालसा करून हाती काय लागणार? इंग्रजांना हवा होता तो फक्त हिंदुस्थानाकडे येणारा समुद्रमार्ग. त्या राज्यांना तेलाआधी त्यांच्या गरिबीने वाचवले. आणि तेल निघाले ते अशा काळात, की राज्ये खालसा करण्याचे दिवस संपले होते.

दुसरा मुद्दा : बेड्या निघाल्यावर त्यांनी केले काय?

१९६२ मध्ये अबूधाबीचे तेल पहिल्यांदा जहाजात चढले. ऑगस्ट १९६६ मध्ये शेख झायेद यांनी भावाच्या जागी तिथली सत्ता घेतली. जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने जाहीर केले की १९७१ अखेर आम्ही आखातातून निघतो. म्हणजे पाऊणशे वर्षे ज्यांनी परक्याला पत्र लिहिले नाही, त्यांना चार वर्षांत साऱ्या जगाशी बोलायला शिकायचे होते. शेजारी कोण? एका बाजूला इराणचा शहा, दुसऱ्या बाजूला सौदी अरेबिया. नऊ राज्यांचा संघ व्हायचा होता. बहारीन आणि कतार वेगळे झाले. २ डिसेंबर १९७१ रोजी सहा राज्यांनी संघ जाहीर केला, रास अल खैमा पुढच्या फेब्रुवारीत आले. संघ जाहीर होण्याच्या दोनच दिवस आधी इराणने अबू मुसा आणि दोन तुंब बेटांवर सैन्य उतरवले होते. सौदीशी सरहद्दीचा करार व्हायला १९७४ उजाडले.

या काळात भारत कुठे होता? खरे तर त्यांच्या खिशातच होता. आखातातल्या कित्येक बाजारांत आपला रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारात रुपये तिकडून रिझर्व्ह बँकेकडे परत येऊ लागले, म्हणून १९५९ मध्ये बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, आणि त्या राज्यांनी आपल्या रुपयाला रामराम केला. १९७३ मध्ये अमिरातीचा स्वतःचा दिरहम आला.

त्याच १९७३ च्या ऑक्टोबरात तेल भडकले. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेले तेल जानेवारी १९७४ पर्यंत अकरा डॉलरच्या वर गेले. तेव्हा भारताचा अर्थमंत्री कोण होता? यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्र्याचा, घर कराडचे. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात, आज सांगलीत. दोन्ही जिल्ह्यांनी आपला म्हणावा असा माणूस. या तेलाने देशाची तिजोरी कशी खरवडली हे त्यांनी अर्थखात्यात बसून पाहिले आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. १९७५ च्या जानेवारीत शेख झायेद दिल्लीला आले. चार वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांचे परराष्ट्रव्यवहार लंडन पाहत होते, त्यांच्यासाठी दिल्ली आता गालिचा अंथरत होती. तेलाने त्यांना बैठकीत बसवले, हे कबूल. पण बैठकीत बसल्यावर कोणाशी किती बोलायचे, हे तेल शिकवत नाही.

तर तिसरा मुद्दा हाच. कोणाशी किती?

अमिरातीचे धोरण एका वाक्यात सांगता येते: कोणालाही एकटे आश्रयदाते होऊ द्यायचे नाही. उदाहरणे घ्या. अबूधाबीजवळ अल धफ्रा तळावर अमेरिकी सैन्य आहे. त्याच देशाने चिनी हुआवेची यंत्रणा सोडायला खळखळ केली आणि अमेरिकेशी एफ-३५ विमानांचा सौदा २०२१ मध्ये अडकला. सप्टेंबर २०२० मध्ये इस्रायलशी उघड करार केला. २०२२ मध्ये तेहरानला पुन्हा राजदूत पाठवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत रशियाचा निषेध करणारा ठराव आला तेव्हा तीन देश तटस्थ राहिले: भारत, चीन आणि अमिराती. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिक्समध्येही दाखल. सगळ्या लग्नांना हजेरी आणि कोणाच्याच पंगतीत जास्त वेळ बसायचे नाही, असा हा खाक्या.

भारताच्या बाबतीत हा बदल तर डोळ्यांत भरतो. १९६९ मध्ये रबात येथे मुस्लिम राष्ट्रांच्या परिषदेत पाकिस्तानच्या हट्टापायी भारतीय शिष्टमंडळाला बाहेर ठेवले गेले. त्यानंतर ५० वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्या परिषदेतून उभ्या राहिलेल्या संघटनेची बैठक अबूधाबीत भरली. यजमानांनी सुषमा स्वराज यांना सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलावले, आणि पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री रुसून घरी राहिले. इंदिरा गांधींच्या १९८१ च्या भेटीनंतर भारताचा पंतप्रधान तिकडे गेला तो थेट २०१५ मध्ये. पण नंतर गाडी वेगाने धावली: १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वंकष आर्थिक भागीदारी करार, १ मेपासून अंमल, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अबूधाबीत स्वामीनारायण मंदिर.

हे प्रेम आहे का? मुळीच नाही. १९९९ मध्ये अपहरण करून कंदहारला नेलेले आपले विमान वाटेत अमिरातीतल्या तळावर उतरले होते. तिथे काही प्रवासी सुटले, पण विमान पुढे गेले. तालिबानचे सरकार मान्य करणारे जगात तेव्हा तीनच देश होते, आणि त्यांत पाकिस्तान व सौदीबरोबर अमिरातीही होती. तेच राज्य, तेच घराणे. गणित बदलले तशी भाषा बदलली.

आता चौथा आणि नाजूक मुद्दा. नावलौकिक.

विजय हजारेंच्या सांगलीत क्रिकेट वेगळे समजावून सांगायला नको. या दोन जिल्ह्यांतल्या घराघरांत अमिराती पहिल्यांदा शिरली ती शारजामार्गे. १८ एप्रिल १९८६, चेतन शर्माचा शेवटचा चेंडू आणि जावेद मियाँदादचा षटकार. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या पोटात आजही गोळा येत असेल! आणि १९९८ च्या एप्रिलमधल्या सचिनच्या दोन खेळी, पहिलीच्या मध्येच आलेले ते वाळूचे वादळ. तेव्हा खेळातून देशाची प्रतिमा उजळण्याची चर्चा कोणी करत नव्हते, पण शारजाने ते करून दाखवले होते. मग सामनेनिश्चितीचे प्रकरण फुटले आणि २००१ मध्ये भारत सरकारनेच शारजासारख्या ठिकाणी संघ पाठवायला मनाई केली. कमावलेले नाव धुळीला मिळायला एक चौकशी पुरली. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात अख्खी आयपीएल तिकडे झाली, आणि शारजाचे मैदान पुन्हा आपल्या दिवाणखान्यात आले.

शारजाच्या त्या जुन्या सामन्यांच्या काळातच मुंबईला दुबईमार्गे अमिरातीची दुसरी ओळख होत होती. चोरटे सोने, मग टोळ्या, मग १९९३ चे स्फोट आणि रायगडच्या किनाऱ्यावर उतरलेली स्फोटके. एकच देश, सांगलीच्या पोराला क्रिकेटचा आणि मुंबईच्या पोलिसाला फरारींचा.

आणखी जवळचा प्रसंग मार्च २०१८ चा. दुबईच्या शासकांची मुलगी शेखा लतीफा नौकेतून पळाली. गोव्याच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर तिला पकडून परत नेण्यात आले. दोन वर्षांनी लंडनच्या न्यायालयाचा निकाल जाहीर झाला: वडिलांनीच तिला बळजबरीने परत आणवले आणि त्या कारवाईत भारतीय दलांचा हात होता. म्हणजे त्यांच्या प्रतिमेवरचा तो डाग आपल्या समुद्रातून गेला, आणि जाताना थोडा आपल्यालाही लागला.

युद्धांचेही तसेच. २०१५ मध्ये येमेनच्या युद्धात सौदीबरोबर सैन्य उतरवले. सुदानमध्ये लोकांवर अत्याचार करणाऱ्या निमलष्करी दलाला अमिराती शस्त्रे पुरवते, हा आरोप विश्वासार्ह असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवले. अमिराती तो साफ नाकारते. सुदान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि मे २०२५ मध्ये अधिकारक्षेत्र नसल्याच्या मुद्द्यावर दावा फेटाळला गेला. अमिरातीला यातून कायद्याच्या सुटकेपलीकडे काय मिळाले, हा प्रश्न उघडाच राहिला.

दुसऱ्या पारड्यात काय? मंगळाभोवती फिरणारे ‘होप’ यान, २०२१ पासून. मँचेस्टर सिटी फुटबॉल क्लब, २००८ पासून. २०२३ मध्ये दुबईत जागतिक हवामान परिषद भरली, आणि तिचे अध्यक्ष कोण, तर अबूधाबीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख सुलतान अल जाबर! जगाने नाके मुरडली. तरीही खनिज इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख अशा परिषदेच्या ठरावात पहिल्यांदा आला तो तिथेच.

हीच तेल कंपनी आपल्या कोकणातही येणार होती. रत्नागिरीच्या नाणारला वर्षाला ६ कोटी टनांचा तेलशुद्धीकरण प्रकल्प. त्यात २०१८ मध्ये सौदी अराम्कोबरोबर अबूधाबीची कंपनीही आली. दिल्लीत करार झाले, फोटो निघाले. नाणारच्या लोकांनी आंबा-काजूच्या बागा आणि मासेमारी पुढे केली, आणि २०१९ मध्ये सरकारने तिथले भूसंपादन रद्द केले. मग त्याच प्रकल्पासाठी बारसूची जागा पुढे आली, आणि २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाच्या वेळी आंदोलन झाले. दोन राजघराण्यांचा पैसा कोकणातल्या ग्रामसभांपुढे थबकला.

श्रोतेहो, आता आपल्या दाराशी येऊ.

सांगलीच्या यार्डातल्या हळदीचे एक मोठे गिऱ्हाईक आखात आहे. हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षे साठवलेली हळद २००५ च्या महापुरात बुडाली, पण पिवळ्या पोत्यांचा तो व्यापार थांबला नाही. तासगाव-कवठे महांकाळच्या बागांतली द्राक्षे दुबईच्या बाजारात उतरतात. व्यापारी बागेत येतो, घड हातात तोलतो, मण्याचा आकार आणि साखर बघतो आणि कोणता माल कुठल्या देशाला जाणार हे वेलीखालीच ठरून जाते. रमजान कधी आहे, जहाजाचे भाडे किती, तांबड्या समुद्रात गोळीबार चालू आहे का, हे प्रश्न आता सावळजच्या बागाईतदारालाही पडतात.

आणि विट्याचे गलाई व्यावसायिक! खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने घराबाहेर काढलेली ही माणसे देशातल्या कुठल्याही सराफ कट्ट्यावर भेटतील. भट्टीवर मूस, मुशीत जुने दागिने, वरून टाकणखाराची चिमूट. डाग वर येतो, सोने तळाशी राहते. २०२२ च्या करारात सोन्यासाठी खास कलम आहे: ठरावीक कोट्यापर्यंत, पाच वर्षांत वर्षाला २०० टनांपर्यंत वाढत जाणाऱ्या सोन्यावर, आयात शुल्कात एक टक्क्याची सूट. एक टक्का ऐकायला किरकोळ. सराफाला विचारा, एका टक्क्यावर त्याची दिवाळी होते की शिमगा!

माणसांचा हिशेब त्याहून मोठा. अमिरातीत लाखो भारतीय आहेत, तिथल्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशांतून भारतात येणाऱ्या पैशांपैकी १९.२ टक्के एकट्या अमिरातीतून येतात, आणि राज्यांत महाराष्ट्र २०.५ टक्क्यांसह केरळच्याही पुढे आहे. यातला मोठा वाटा मुंबईचा, हे उघड आहे. तरी वायरमन, वेल्डर, चालक, परिचारिका म्हणून गेलेली माणसे आपल्या गावांतही आहेत. त्यांना अमिरातीच्या लौकिकाबद्दल विचारले तर ते मंगळयान सांगणार नाहीत. ते सांगतील पगार वेळेवर झाला का, पासपोर्ट कोणाच्या कपाटात आहे, जून ते सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम बंद ठेवायचा नियम साइटवर पाळतात का. २००९ पासून पगार बँकेतून देण्याची सक्ती आली, मालक बदलण्याचे नियम पुढे सैल झाले. या सुधारणा मनाच्या मोठेपणातून आल्या नाहीत. कामगारांचे संप, मानवाधिकार संघटनांचे अहवाल आणि जगात नाव राखण्याची निकड या तिन्हींनी त्या करवून घेतल्या.

म्हणजे लौकिकाचा उपयोग होतो. कोणाला? ज्याच्या तक्रारीची बातमी होऊ शकते त्याला.

थोडक्यात उजळणी करू. पहिले, या राज्यांना परराष्ट्रव्यवहाराचा हक्क आपल्यासारखाच आणि त्याच इंग्रजांनी नाकारला होता. साताऱ्याचे राज्य त्यात गेले, ती टिकली. दुसरे, तेलाने त्यांना आवाज दिला, पण शहाणपण दिले ते दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या धाकाने. तिसरे, सगळ्यांशी बोलायचे आणि कोणाच्याही मुठीत जायचे नाही, हे त्यांनी जाणीवपूर्वक ठरवले. चौथे, त्यांचे नाव एकच नाही. ते शारजाच्या मैदानावर एक, बारसूच्या सड्यावर दुसरे, सुदानमध्ये तिसरे.

मग आपण काय पाहायचे? भारत-अमिरातीची पुढची बोलणी होतील तेव्हा सोन्याचा कोटा, तेलाचा साठा, गुंतवणुकीचे आकडे ठळक छापून येतील. कामगारांविषयीचा दोन देशांतला सामंजस्य करार २०१८ चा आहे. त्याची बातमी आतल्या पानावरही सापडत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांना हे विचारता येईल की भरती करणाऱ्या दलालांवर कारवाई किती झाली, अडकलेल्या पगाराच्या किती तक्रारी सुटल्या आणि परदेशी जाणाऱ्यांना करार मराठीत वाचायला मिळतो का.

आता प्रश्नोत्तरे. ज्यांच्या घरचे कोणी अबूधाबी, दुबई, शारजात आहे किंवा होते, त्यांनी आधी बोलावे. वर्तमानपत्रे वाचून जे मांडता येते ते मांडून झाले. तिथल्या कॅम्पमधली खोली आठ जणांची असते की बाराची, आणि पहिला पगार कितव्या महिन्यात हाती येतो, हे या सभागृहात ज्यांना ठाऊक आहे त्यांचे हात वर होऊ द्या.